ओल कुठून येते?

धुळ्याच्या उन्हात अंगणात हिरवळ राखायची ही माझीच हौस. बायकोला त्या जागी भरताची वांगी हवी होती. शेवटी तह झाला: अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गवत हिरवं राहिलं तर माझं, नाहीतर खणून वांगी.

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून मी मातीत खुपसायचा सेन्सर आणला. माती कोरडी झाली की तोच टाकीचा व्हॉल्व्ह उघडणार, ओल असली की बंद ठेवणार. पायरीलगत, दिसेल असा खुपसला. आल्यागेल्याला दाखवायला नको?

गवत पिवळं पडायला लागलं आणि सेन्सरला जोडलेला मोबाईल म्हणे, 'माती ओली'. बोट घालून बघितलं तर सेन्सरपाशी खरंच ओल, बाकी सगळीकडे धूळ!

म्हणजे कुणीतरी नेमकं तिथंच पाणी ओततंय. बायको? ती चक्क खुशीत गुणगुणत होती. की शेजारचे नाना? त्यांचा तर तिच्या भरतावर भारी जीव. त्यातून ते कुंपणावरून डोकावून म्हणाले, "भाऊ, गवत वाळी गयं ना! पानी टाकतस नही का?"

"नाना, यंत्र म्हणतं ओल आहे."

"यंत्रले तहान लागस का?"

बोलणं साधं, पण मिशीत हसू. माझा संशय पक्का झाला. तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुता धुता मी पायरीवर उभा राहून कुंपणावर पहारा ठेवू लागलो. नाना काही सापडेनात. शेवटी एका सकाळी खिडकीत मोबाईल ठेवला, चित्रण सुरू केलं आणि दुपारी नानांना मुद्दाम चहाला बोलावलं. चोर बायकोसमोरच पकडायचा होता.

चहा घेता घेता सगळ्यांसमोर चित्रण लावलं. पायरीवर बनियनमधला एक माणूस आला. हातात स्टीलचा पेला. कुंपणाकडे डोळे बारीक करून बघत, मान वर करून त्यानं खळखळ गुळण्या केल्या आणि पिचकारी मारली ती थेट सेन्सरवर. मग पुन्हा पेला तोंडाला.

घसा बसतो म्हणून मी रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. जागाही वर्षानुवर्षं तीच. मीठ मुरलं की असला स्वस्त सेन्सर ओल आहे त्याहून जास्त दाखवतो, हे मला मागाहून कळलं. त्यात पहाऱ्यापायी एका पेल्याचे चार पेले झाले होते.

"सापडला का चोर?" बायकोनं विचारलं.

मी चहात बिस्किट बुडवत राहिलो. ते तुटून आत पडलं.

अखजीला सासरहून लेक आली तेव्हा अंगणात वाफे ओढून झाले होते. बायको म्हणाली, "पायरीजवळ काही लावायचं नाही हं, तिथं यांचं मीठ मुरलंय."

"राहू द्या अक्का," कुंपणापलीकडून नाना म्हणाले, "भरीतमा मीठ भाऊनी आधीच टाकी दिन्हं."