दारातली चटई

शेजारच्यांच्या जावयाने न बघता व्हॅन रिव्हर्स घेतली आणि माझ्या नवऱ्याचा पाय मोडला. इथे परदेशात, ओटाहुहु उपनगरातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं सामोआ बेटांवरून आलेल्यांची, मराठी घर आमचं एकच. मी नर्स. मोडके पाय रोज बघते, पण घरातलाच पाय मोडल्यावर माझं डोकं फिरलं. त्या घराशी बोलणं बंद, असं मी जाहीर करून टाकलं.

शनिवारी सकाळी पडदा सरकवला, तर अंगणात शेजारचे आजोबा मांडी घालून बसलेले, डोक्यावरून बारीक विणीची मऊ चटई पांघरून. ते त्यांच्या कुळाचे मताई, म्हणजे प्रमुख. पार्किंगवरून जुंपली की गल्ली आधी त्यांनाच बोलावते, आणि त्यांनी नुसता घसा खाकरला तरी आवाज खाली येतात. मागे सगळं घर मान खाली घालून उभं होतं, जावईसुद्धा. पाऊस भुरभुरत होता.

राग होताच. पण एवढा म्हातारा माणूस माझ्या दारात भिजतोय आणि मी खिडकीतून बघत बसायचं? छे! मी तरातरा बाहेर गेले, चटई उचलली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि आत चहाला चला म्हटलं.

मागच्या बायका रडायलाच लागल्या. आजींनी मला घट्ट धरून सांगितलं, की चूक घरातल्या कुणाचीही असो, मताई ती आपल्या डोक्यावर घेऊन असा बसतो. समोरच्याने चटई उचलली, की माफी मिळाली.

म्हणजे मी माफ करून बसले होते! मला फक्त चहा द्यायचा होता, हे सांगायला मी तोंड उघडलंही. तेवढ्यात आजोबांचे गुडघे दिसले. दुसऱ्याच्या चुकीपायी ते थरथरत होते. मी तोंड मिटलं. माझा राग खरोखरच गेला होता.

नवरा कुबड्या टेकत दारात आला. "अगं, पाय माझा मोडला आणि माफ तू केलंस?"

"हो. केलं."

तो फाटकाशी उभ्या जावयाकडे वळला. मग एक कुबडी त्याने भिंतीला टेकवली आणि हात पुढे केला. "कम ऑन, मेट. गिव्ह मी अ हँड."

जावई धावत आला. ज्याने पाय मोडला, त्याच्याच खांद्यावर भार टाकून नवरा चहाला आत गेला.