मधल्या मजल्यावरची अन्नपूर्णा

माझी देवावर श्रद्धा आहे, असं त्या हिवाळ्यात मी कुणाला छातीठोकपणे सांगू शकले नसते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, एका तीन मजली घराच्या मधल्या मजल्यावर आम्ही दोघं राहत होतो. दोन बाळं पोटातच गेली, तेव्हा लग्नात आईने दिलेली पितळेची अन्नपूर्णा मी देव्हाऱ्यातून उचलून तांदळाच्या डब्यात ठेवून दिली होती. रागाने म्हणा, लाजेने म्हणा. तिसऱ्यांदा दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही, असं बजावलं. बाबांना अर्धांगवायू झालेला, त्यामुळे नागपूरहून आई येऊ शकत नव्हती. हे सकाळी सातला कारखान्यात जायचे ते अंधार पडल्यावर परतायचे. हेही बाळ राहील का, एवढा एकच विचार घेऊन मी दिवसभर छताकडे बघत पडून असायचे.

खालच्या मजल्यावर रूथबाई राहत, सत्तरीच्या ज्यू विधवा. त्यांचा नातू इस्राएलच्या सैन्यात होता. वर सलमा, माझ्याच वयाची, इस्राएलच्या ताब्यातल्या रामल्लाहून आलेली अरब बाई. तिचा धाकटा भाऊ तिकडे तुरुंगात होता. पूर्वी दोघी मिळून दारातला बर्फ उपसायच्या. पण त्या हिवाळ्यात टीव्हीवर रोज तिकडचे दगड आणि सैनिक दिसू लागले, एकदा जिन्यातच दोघींची जुंपली आणि बोलणं बंद झालं. माझ्याकडे मात्र दोघी यायच्या. सकाळी रूथबाई उशाशी बसून नातवासाठी डोळे पुसायच्या, आणि मला त्यांचं सगळं पटायचं. दुपारी सलमा भावाबद्दल बोलताना रडायची, आणि तिचंही तितकंच पटायचं. मी आपली दोघींना "खरं आहे हो" म्हणायची. एकदा न राहवून यांना विचारलं, "अहो, यात बरोबर कोण?"

"अगं, आपल्याला काय कळतंय त्यातलं? तू उगाच टेन्शन घेऊ नकोस, रेस्ट घे," हे म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

दोघी येताना काहीतरी करून आणायच्या. सलमा मसुराचा भात आणायची, वर खरपूस तळलेला कांदा. रूथबाई सफरचंद आणि दालचिनी घालून भाजलेल्या जाड शेवया आणायच्या. आम्ही मांसाहार करत नाही म्हणून दोघी जपून करायच्या. आता आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मला उठायची बंदी, आणि यांना चहापलीकडे काही येत नाही. मग मीच यांना युक्ती सांगितली. सलमाचा भात रूथबाईंच्या भांड्यात घालून खाली द्यायचा आणि रूथबाईंच्या शेवया सलमाच्या भांड्यातून वर. कुणी केलंय ते बोलायचं नाही. महिनाभर दोघी एकमेकींच्या हातचं खात होत्या आणि माझ्या सुगरणपणाचं कौतुक करत होत्या. मला त्याची गंमतही वाटायची, हे कबूल करते.

एका संध्याकाळी सलमाने जिन्यात यांना शेवयांची कृती विचारली. यांना खोटं बोलता येत नाही. "त्या तर रूथनी केल्यात," म्हणून मोकळे झाले. खाली रूथबाई दारातच उभ्या होत्या. "आणि तो मसुराचा भात?" त्यांनी विचारलं. तेही यांनी सांगून टाकलं. सलमा वर येऊन मला म्हणाली, "मी तुझ्यापाशी मन मोकळं करत होते, आणि तू माझी चेष्टा करत होतीस?" रूथबाईंनी दार लावून घेतलं. मग आठ दिवस दोघींपैकी कुणीही आलं नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सातवा महिना सरत होता. चादरीवर रक्त दिसलं. रात्रभर बर्फ पडला होता. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर रस्ते अडलेत, वेळ लागेल म्हणाले. कारखान्यात निरोप ठेवला. शेजारणींचे नंबर उशाशीच होते, पण हात पुढे होईना. कोणत्या तोंडाने बोलावू? आणि एकीला बोलावलं तर दुसरीला काय वाटेल, असले विचार मला त्या अवस्थेतही सुचत होते. शेवटी तांदळाच्या डब्यातल्या तिला हाक मारली. "बाई गं, मला काही कळेनासं झालंय. आता तूच बघ."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. लोटलेलं दार उघडून सलमा आत आली. हातात माझा स्टीलचा डबा होता; मागे एकदा तिचं भांडं हाताशी नव्हतं, तेव्हा शेवया त्यातून वर गेल्या होत्या. तो परत करायला ती आली होती आणि रिकामा आणला नव्हता. रागावलेल्या बाईला नेमकी त्याच घटकेला डब्याची आठवण का व्हावी, ते मला माहीत नाही. तिलाही सांगता आलं नाही.

चादर बघताच तिने जिन्यातून आरोळी ठोकली, "रूथ! रूथ, वर ये!" रूथबाई पायांत सपाता घालूनच धावत आल्या.

सलमाने गाडी काढली. मागे माझं डोकं रूथबाईंच्या मांडीवर होतं. कळांच्या गुंगीत दोघींचे चढलेले आवाज कानावर येत होते. मला वाटलं, देवा, इथेही त्या देशाचंच भांडण! नीट ऐकलं तर वाद रस्त्याचा होता.

"डावीकडे घे!"

"तिकडे बर्फ उचललेला नाही, रूथ!"

"चाळीस वर्षं राहतेय मी इथे!"

"आणि गाडी मी चालवतेय!"

दोनदा रूथबाईंचं ऐकलं, एकदा सलमाचं, आणि गाडी हॉस्पिटलच्या दारात लागली. त्यानंतर तासाभरात मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. नंतर नर्सने सांगितलं की बाहेर सलमाने कोपऱ्यात नमाज पढला, तेव्हा रूथबाई तिचा कोट सांभाळत उभ्या होत्या.

सगळं गोड झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मुलीच्या बारशाच्या आठवड्यातच सलमाच्या भावाची कैद वाढल्याची बातमी आली आणि दोघींचं पुन्हा बिनसलं. तरी दोघी बारशाला आल्या, खोलीच्या दोन टोकांना बसल्या. आमच्यात पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात. एकीने बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने घेऊन वरून परत द्यायचं. मी त्या दोघींना बोलावलं. ओळखीच्या एक काकू कुजबुजल्या, "अगं, त्यांना कसं जमेल?"

"काकू, हिला इथवर त्यांनीच तर आणलंय," मी म्हणाले.

रूथबाई पाळण्याखाली वाकल्या. बाळ पुढे करताना त्यांनी पहिल्यांदा सलमाच्या डोळ्यांत पाहिलं. "घेतलंस?"

"घेतलं," सलमा म्हणाली. तेव्हाच त्यांनी हात सोडला. वरून परत देताना सलमाने विचारलं, "घेतलंस?" असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा उत्तर येईपर्यंत दोघींपैकी कुणीही हात काढला नाही. मला रडू आवरेना.

त्यांच्या भांडणात बरोबर कोण, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी नेमकं काय घडलं, तेही नाही. अन्नपूर्णा परत देव्हाऱ्यात आहे आणि मुलगी आता माझ्यापेक्षा उंच आहे. रोज सकाळी हात जोडते तेव्हा मनात कृतज्ञता असते, गोंधळही असतो. जे माझ्याने पेलत नाही ते अन्नपूर्णेपुढे धरते आणि विचारते, "घेतलंस?"