वहिनीनं कोरी सोडलेली गणितं

वहिनी लग्न होऊन पांढुर्ण्याहून सौसरला आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या खाली दहावीची पुस्तकं होती. गणितानं तिला दोनदा आपटलं होतं. तिला बालवाडीत बाई व्हायचं होतं आणि त्यासाठी दहावी लागायची. आईनं तिसऱ्यांदा फॉर्म भरू दिला, पण बजावूनच. "हे शेवटचं. यंदा फेल झाली, त पुस्तकं बांधून ठेवजो."

मीही त्याच वर्षी दहावीला. गणित मला बरं येतं असा माझा समज होता, म्हणून मास्तरकी माझ्याकडे आली. मी पंधरा वर्षांची, राग नाकावर. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तरी नणंद म्हणून मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणायची. मी तिला खुशाल 'तू' म्हणायचे.

कापूस वेचून आलो की दुपारी आम्ही ओट्यावर बसायचो. शाळा हिंदी, पुस्तक हिंदी, भांडण मात्र मराठीत. सूत्रांचा धडा सुरू झाला तेव्हा दोन एक्समध्ये एक्सच्या जागी पाच ठेवून तिनं उत्तर लिहिलं, पंचवीस.

"दोन टोपल्यांत पाच-पाच संत्री असली, त पंचवीस होतात का?" मी ओरडले.

"दहा होतात," ती हळूच म्हणाली, आणि पुन्हा ती चूक तिनं केली नाही. वेग काढायचा असो की क्षेत्रफळ, ती 'मान रखने पर' असं सुबक अक्षरात लिहायची, अक्षराच्या जागी आकडा ठेवायची आणि राहिलेलं अक्षर शोधून काढायची. माझी छाती फुगली.

मग वयाची गणितं आली आणि गाडी अडली. त्या पानावरची पाचही गणितं तिनं कोरी सोडली. दुसऱ्या दिवशीही कोरी, तिसऱ्या दिवशीही. विचारलं की मान खाली. "पालथ्या घड्यावर पाणी ओतून राहिली मी!" म्हणत मी वही आपटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

"बाई, मले येतात ती गणितं," ती म्हणाली. "पण ते नाव कसं लिहू?"

मी पान पुन्हा वाचलं. पुस्तक लिहिणाऱ्यानं पाचही गणितांत एकाच माणसाला धरलं होतं, आणि त्याचं नाव नेमकं माझ्या दादाचं होतं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. वहिनीच्या लेखी वहीत लिहिणं म्हणजेही घेणंच. आणि पुस्तकातलं गणित तर सुरूच होत होतं, 'माना कि' अमक्याची आयु, असं.

मला हसू आवरेना. वर त्या माणसाला पुस्तकात मुलगाही होता, त्यामुळे वहिनी आणखीच लाजली. पण परीक्षा दोन महिन्यांवर होती. परीक्षेत असंच नाव आलं आणि हिनं पेपर कोरा ठेवला तर?

आई जवळच तूर निवडत होती. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. तिनं सगळं ऐकलं आणि सुपातून मान वर न करता म्हणाली, "मंग नाव कायले पायजे? पंचवीस-तीस वर्सं झाली, मी तुह्या बापाले 'हे' म्हणून राहिली. कोणाचं काई अडलं का?"

एक्स म्हणजे माहीत नसलेली गोष्ट, असं मी घोकलं होतं. आईचे 'हे' तर तिला पुरते माहीत होते. नुसत्या 'हे'वर तिनं सगळा संसार सोडवला होता.

वहिनीनं पेन उचललं आणि लिहिलं, 'माना कि उनकी आयु एक्स वर्ष है.' उनकी, आदरानं. मुलगा चोवीस वर्षांनी लहान, दोघांची बेरीज अठ्ठेचाळीस. मुलाच्या जागी एक्स उणे चोवीस ठेवून तिनं भराभर सोडवलं. ते छत्तीसचे, मुलगा बाराचा. पाचही गणितं तिनं त्याच बैठकीला संपवली.

परीक्षेला ती माहेरी, पांढुर्ण्याच्या केंद्रावर बसली, मी सौसरला. आईनं जामसांवलीच्या मारुतीला दोघींचा मिळून एकच नारळ कबूल केला.

जूनमध्ये दादा निकालाचा पेपर घेऊन आला. वहिनीचा नंबर पास झालेल्यांत होता. माझा पूरक परीक्षेच्या यादीत, आणि विषय गणित. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला तिच्या आनंदाचा राग आला. खरंच आला. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन ओट्यावर आली.

"तू मले शिकवशील?" मी अंगावर गेले.

"मी कायले शिकवतो? परीक्षा झाली अन् मी सारं विसरली," ती म्हणाली. "बालवाडीत कोणी इचारलं त काय सांगू? पयल्यापासून समजावून सांगा ना, बाई."

मग महिनाभर मी तिला रोज शिकवलं. ती चुकायची, मी चिडून पुन्हा मांडून दाखवायचे, आणि मांडता मांडता माझ्या नीट ध्यानात बसायचं. पूरक परीक्षेत मी पास झाले.

ती मुद्दाम चुकत होती. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण मी तिला तसं कधी कळू दिलं नाही.