हळदीकुंकवात इजिप्त

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुबईच्या अल मनखूल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आईने हळदीकुंकू ठेवलं. वाणाला प्लॅस्टिकचे डबे होते. मी कॉलेजात, डोकं कायम तापलेलं. प्रत्येक डब्यात मी माझं एकेक पत्रक कोंबलं. विषय: प्राचीन इजिप्तमधली बाई. स्वतःच्या नावावर जमीन घ्यायची, विकायची, कोर्टात उभी राहायची, नवऱ्याला सोडलं तर आपली मालमत्ता घेऊन निघायची. सगळ्याच नव्हेत, राबणारीच्या वाट्याला तिथेही राबणंच होतं. तेही मी ठळक छापलं होतं.

"डब्यात कागद कसला गं? गॅरंटी कार्ड?" एकीने विचारलं.

खटाटोप होता शेजारच्या काकूंसाठी. त्यांना एका नर्सरीत नोकरी मिळाली होती. पण व्हिसा नवऱ्याचा, म्हणून कामावर जायला त्याची हरकत नसल्याची सही हवी. टाइप केलेली एनओसी त्यांच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकत होती. शनिवारपर्यंत सही नाही तर नोकरी दुसरीला. काका रोज म्हणायचे, "करू की, इन्शाल्ला!"

आणि बायकांच्या ह्या कार्यक्रमाचं उद्घाटन कुणाच्या हस्ते? काकांच्याच! इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष ना. समई लावून ते पुढच्याच खुर्चीत बसले, पत्रक वाचून गहिवरले.

"काय त्या बायका! थेट कोर्टात! अभिमान वाटतो!"

"मग काका, एनओसी?"

"अगं, तो इजिप्त. इथे ट्रॅफिक किती असतो!"

मी काही बोलणार, तेवढ्यात बायकांनी काकूंना घेरलं. "उखाणा! उखाणा!" काकूंनी पदर सावरला. काकांचं नाव मी गाळते.

"नाईलकाठच्या बाईच्या नावावर घर आणि वावर,
अमुकरावांची सही अडलीय एनओसीच्या कागदावर!"

मला वाटलं, आता खलास. पण टाळ्या सर्वांत मोठ्या काकांच्याच. "वन्स मोअर!" उखाण्यात आपलं नाव आलं, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

काकूंनी पुन्हा घेतला. काका उठून उभे. "वा! हाच उखाणा पुढच्या शुक्रवारी स्नेहसंमेलनात घ्यायचा. आमच्या कंपनीचे जीएम चीफ गेस्ट आहेत. मराठी आहेत, एकेक शब्द कळेल त्यांना!"

"घेते की," काकू म्हणाल्या. "माईकवर घेते."

काकांचे ओठ हलत होते, उखाणा आता कुठे पोचत होता. कोपऱ्यात कॉमिक वाचणाऱ्या त्यांच्या शाळकरी मुलीने वर न बघताच सांगितलं, "बाबा, जस्ट साइन इट, ना."

काका शेजारी आपल्या फ्लॅटवर गेले, एनओसी मॅग्नेटसकट घेऊन आले आणि आमच्या समईच्या उजेडात सही केली. वर मला ऐकवलं, "बघ, आम्ही किती पुढारलेले!" माझा संताप अनावर झाला. काकूंनी माझा हात दाबला आणि आधी कागद पर्समध्ये घातला.

"मग संमेलनात कोणता घेशील?" काकांनी हळूच विचारलं.

"बघू," काकू म्हणाल्या. "कामावरून आले की सुचेल काहीतरी."