रविवारी मला उपासना असते

नाशकात फ्लॅट विकले जातात ते रविवारी. पिंपळगावचा द्राक्ष बागायतदार असो की मुंबईहून निवृत्त होऊन येणारं जोडपं, सगळे रविवारीच सहकुटुंब येतात, सँपल फ्लॅटमधल्या पलंगावर बसून बघतात आणि जिथे पाणीच नाही ते नळही सोडून बघतात. म्हणून गंगापूर रोडच्या साइटवर नोकरीला लागतानाच मी सरांना स्वच्छ सांगितलं होतं, "रविवारी सकाळी मला उपासना असते. दुपारी येईन आणि रात्री दिवे मालवेपर्यंत थांबेन." सर फोनवर बोलता बोलताच "चालेल, चालेल" म्हणाले.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या रविवारच्या भक्तीला उपासना म्हणतो. माझे पणजोबाही तेच म्हणायचे. पेटी, तबला, भजनं, पाळकांचा उपदेश, शेवटी आशीर्वाद, सगळं मराठीत. या शब्दाचा दुसरा काही अर्थ निघेल असं माझ्या मनातही आलं नाही.

साइटवरच्यांच्या मनात मात्र लगेच आलं. तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दर रविवारी सकाळी कुठेतरी गायब होणारा माणूस! शेजारच्या टेबलावर बसणारी माझी सहकारी जिभेची तिखट आणि मनाची उदार. सकाळचे माझे ग्राहक तीच सांभाळायची. दुपारी मी आलो की डोळे मिचकावून विचारायची, "काय रे, कशी होती आज?"

"छान. पण जरा लांबली."

"लांबणारच!" आणि सगळे खो खो हसायचे. मला वाटायचं, लांबलेल्या उपदेशाचं दुःख यांनाही ठाऊक दिसतंय. कीर्तनाला बसत असतील बिचारे.

असं बरेच महिने चाललं. मग आडगावच्या बाजूला कंपनीची मोठी साइट निघाली आणि तिथला प्रमुख म्हणून माझं नाव पुढे आलं. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून. आईला तर मी आधीच सांगून बसलो होतो. त्याच आठवड्यात सहकारी म्हणाली, "आता तरी उपासनाशी लग्न कर बाबा. बिचारी किती वाट बघणार?"

मी पोट धरून हसलो. मग सगळं उलगडून सांगितलं. ती हसली नाही.

"म्हणजे चर्च? चर्चसाठी मी रविवारची मरमर करत होते?"

"हो."

"मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल."

हे मला झोंबलं. अजून झोंबतं. मुलीला भेटायला जाणारा मी रसिक होतो. देवाला भेटायला जाणारा एका क्षणात मागासलेला झालो. खरं तर ही मंडळी मनाने वाईट नाहीत. डिसेंबरात हीच माझ्या डोक्यावर लाल टोपी चढवतात, केक मागतात, आणि आमच्याकडे करंज्या-चकल्या करतात म्हटलं की हिरमुसतात. माझी श्रद्धा यांना चालते, फक्त ती वर्षातून एकदा यावी आणि गोड असावी.

बातमी सरांच्या कानावर गेलीच. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ, मला धर्माबिर्माचं काही नाही. मी देवच मानत नाही. पण मोठ्या साइटवर रविवारची सकाळ म्हणजे सगळा धंदा. तुझा देव मंगळवारीही असेलच की. सुट्टी आहे तुला त्या दिवशी."

"देव असतो, सर. पण उपासना रविवारी असते. सगळे मिळून करतात ती."

सहकारीने माझ्याकडे पाहिलं. राग गिळून ती मला वाचवायला निघाली होती. "सर, कंपनीच्या मालकांना उपासना म्हणजे अजून मुलगीच वाटतेय. साखरपुडा झालाय म्हणून सांगू. थोडे महिने सवलत देतील."

सरांचा चेहरा खुलला. "हे चालेल. मुलगी म्हटलं की मालक समजून घेतील."

तोंडातून फक्त एक 'बरं' निघायचा अवकाश, जागा माझी होती. पण माझं डोकं तापलं. ज्याच्यासाठी उठून जातो त्याचंच नाव लपवायचं, तर मग जायचं तरी कशाला?

"सर, मुलगी नाही. देव आहे. मालकांना तसंच सांगा."

"हट्टीपणा करू नकोस. काम हीच पूजा मानणारा माणूस मी."

"मग तुमच्या पूजेसाठी मी माझी उपासना का सोडू?"

सरांनी आम्हाला जायला सांगितलं.

जागा गेली. सहकारीला मिळाली, आणि ती त्या लायकीची आहेच. मला वाईट वाटलं. वाईट वाटत नाही ते संत. मी फ्लॅट विकणारा माणूस आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "जेवून घे," आणि ताटात तूप जरा जास्तच वाढलं.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसलो. एरवी मी दाराशी बसायचो, म्हणजे आशीर्वाद होण्याआधीच सटकून साइट गाठता येते. त्या दिवशी आशीर्वाद घेतला, बाहेर सगळ्यांबरोबर चहा प्यायलो आणि मगच गाडीला किक मारली.

साइटच्या दारात सर घड्याळ बघत उभे होते.

"संपली का तुझी ती उपासना?"

"आजची संपली, सर. पुढच्या रविवारी परत आहे. यायचं का?"