'यारु झो' कोणी ओरडायचं

आमच्या सिंगापूरच्या, पाया लेबार भागातल्या ऑफिसात एक रीत आहे, जपानी क्लायंटकडून आलेली. नवी सिस्टिम चालू करायच्या दिवशी सगळी टीम गोल करून उभी राहते. लीड 'यारु झो!' असं ओरडतो आणि बाकीचे मूठ वर करून 'ओऽ!' म्हणतात. 'यारु' म्हणजे करूया आणि शेवटचा 'झो' म्हणजे निव्वळ जोर, 'चला रे, करूनच दाखवू!' यातला ठसका. जपानी पुरुषांच्या गप्पांत तो हमखास ऐकू येतो. पुण्यात जपानी शिकताना आम्हा मुलींना बजावलं होतं, हे तुमच्या तोंडी शोभत नाही. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. असल्या सूचनांना मी कधी भीक घातली नाही.

लीड मीच होते, त्यामुळे ओरडायचेही मीच. क्लायंटची माणसं स्क्रीनवरून हसत मूठ वर करायची. मग कामाचा पुढचा, मोठा टप्पा आला आणि आमच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे गृहस्थ पुण्याचे. जपानीतलं 'आरिगातो' सोडून त्यांना ओ की ठो येत नाही.

"अगं, तुझं काम चांगलंच आहे," ते म्हणाले, "पण तुझं बोलणं जरा पुरुषी वाटतं. ते 'झो' वगैरे. जपानी लोक तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांना खटकतं. या वेळी लीड त्याला देऊ या."

तो म्हणजे मुंबईचा, माझ्या हाताखालचा मुलगा. त्याला जपानी मी शिकवलेलं. मुलगा वाईट नाही, पण क्लायंटची निम्मी मेल्स आजही माझ्याकडून समजून घेतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खटकतं असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"असं कोणी म्हणत नसतं गं. समजून घ्यायचं असतं."

वा रे वा! मी तिथेच, त्यांच्यासमोर, टोकियोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडच्या टीमच्या प्रमुख एक बाईच आहेत. माझ्या 'झो'चं तुम्हाला कधी वाईट वाटलं का, असं सरळ विचारलं. त्या आधी गोंधळल्या, मग खो खो हसल्या. "मी स्वतः रोज सकाळी आरशासमोर तेच म्हणते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात की आमच्याकडच्या पोरींना हुरूप येतो."

फोन ठेवून मी ते सगळं मराठीत सांगितलं. मॅनेजर टेबलावरचं पेन इकडचं तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "असेल. पण वर त्याचं नाव कळवून झालंय. आता बदललं तर बरं दिसणार नाही."

"मला काढायचंच होतं तर तसं सांगा ना सर," मी म्हटलं. "त्या बिचाऱ्या जपान्यांच्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवता?"

"चिडतेस काय एवढी? आपण आपलीच माणसं आहोत."

आपलीच माणसं! परक्या देशात आपल्या माणसानं माझ्या तोंडाला माप लावायचं आणि वर हे ऐकवायचं.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्या टेबलाशी आला. चेहरा पडलेला. "ताई, मी मागितलं नव्हतं गं हे," म्हणाला. खरंच नव्हतं, मला माहीत होतं. मग चाचरत म्हणाला, "सरांनी सांगितलंय, तुझ्याकडून ते ओरडणं एकदा नीट करून घे. माझं अगदीच मिळमिळीत येतंय. जोर कसा काढायचा?"

म्हणजे माझ्या जागेवर बसवलेल्याला ओरडायलाही मीच शिकवायचं. मी खुर्ची मागे सारून उठले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "यारु झो!"

सगळा मजला दचकला. मग चिनी, मलय, तमिळ, आपली मराठी, होती नव्हती ती सगळी टीम सवयीनं उभी राहिली, मुठी वर गेल्या आणि 'ओऽ!' असा दणका उठला. तो मुलगाही त्यात होता. मॅनेजर केबिनचं दार उघडून बघायला आले.

"काय चाललंय?"

"शिकवतेय सर," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. लीड त्या मुलाकडेच राहिलं.