म्हातारीच्या खाचराची माती

माझं माहेर कळंबचं. वीतभर बांधावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं तिथं आम्ही कितीदा पाहिलं. नव्वदच्या दशकात आमच्या मास्तरांची, म्हणजे माझ्या यजमानांची, बदली डोंगरातल्या शाळेवर झाली, आहुप्याच्या अलीकडं. घोडेगावहून एसटी जिथवर जायची तिथं उतरलो आणि पुढं बोचकी डोक्यावर घेऊन चालत निघालो. घरं कशी, तर या टेकाडावर चार, त्या सोंडेवर तीन, मधे नुसतं रान. मला वाटलं, इथं कोण कुणाला विचारत असेल!

विचारत होते हो, आणि कसं ते सांगते.

गावाला देवराई होती. भर दुपारी आत शिरलं तरी अंगावर गारवा यायचा, आपण बोललेलं झाडांत मुरून जायचं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. त्या राईच्या तोंडाशी, चपला बाहेर काढून, गावाची बैठक बसायची. आणि एक रीत होती. ज्याचं काही जाणार असेल त्यानं सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, आणि त्याच्यावर कुणी उलट बोलायचं नाही.

मग वरपर्यंत रस्ता मंजूर झाला. आजारी माणूस डोलीतून खाली न्यावा लागायचा, त्यामुळं रस्ता सगळ्यांनाच हवा. साहेब पाहणीला आले. सरळ न्यायचा तर राई तोडावी लागणार, वळसा घालायचा तर एका म्हातारीचं भाताचं खाचर जाणार. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि वर्षाचं खाणं त्या एका खाचरात.

बैठक बसली. सरपंच बाईच होती, माझ्याच वयाची. राखीव जागा म्हणून झाली, असं खालचे लोक म्हणायचे. पण तिच्यापुढं भले भले मिशीवाले गप बसत. एक जण म्हणाला, "दोन-चार झाडं गेली तर देव काय लगीच रागावतोय?"

"भाऊ, तुमचा येक कान कापू का?" सरपंच म्हणाली. "दुसरा हाय की."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मग म्हातारी उठली.

"राईतलं पानी पाझरतं तवा माझं खाचर पिकतं. झाडं गेल्यावर ते ठिवून काय करू? न्या रस्ता खाचरातनं. पर मी खाऊ काय?"

आणि खाली बसली. आता रीतच अशी, तिच्यानंतर कोण बोलणार? बैठक उठली.

दुसऱ्या दिवशी बघते तर सरपंच राईखालच्या उतारावर फावडं घेऊन उभी. जागा तिच्या सासऱ्याची, पाझराच्या तोंडची, ती म्हातारीला द्यायची ठरलेली. तिनं साहेबांना निरोप धाडला होता, "नव्या खाचरात पानी थांबल्याबिगर रस्त्याच्या कागदावर माझी सही न्हाई." हळूहळू एकेका वाडीची माणसं आली. दगड रचले, उतार सपाट केला, आणि जुन्या खाचरातली माती टोपल्या-टोपल्यांनी इकडं आणली. मीही डोक्यावर टोपली घेतली. आमच्या मास्तरांनी रचलेला बांध दोनदा ढासळला, तेव्हा एक जण म्हणाला, "मास्तर, तुमी पाढे म्हना, बांधाचं आमी बघतो." म्हातारी दगडावर बसून ओरडत होती, "काळी माती येगळी ठिवा रं! ती वर टाकायची, मुडद्यांनो!"

कळंबला असं कुणी केलं असतं का? मला नाही वाटत.

पावसाळ्यात अख्खं गाव बघायला जमलं. नव्या जागेत पाणी टिकत नाही, खाली निघून जातं, ही धास्ती सगळ्यांनाच. म्हातारी लुगडं खोचून खाचरात उतरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, टाच दाबून दाबून. घोट्याएवढं पाणी जागच्या जागी होतं.

"बांध वाकडा घातलाय," ती म्हणाली.

"आन पानी?" सरपंचबाईनं विचारलं.

"थांबलंय की."

"मग करू का सही?"

"कर ना बाई, मी काय तुझा हात धरलाय? आन येताना चार बाया घिऊन ये. रोपं तयार हायती, आवनी उरकायचीय."